चिमुकल्या मूर्तीवरील जुनें चर्मपत्र

दिवाळींत अंगणांत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडण्याची हौस ज्या घरांतील मुलांना नाहीं, असें घर आपल्याकडे विरळाच. आमच्या घरांत ती हौस तीन पिढ्यांची आहे. परंतु आमच्या धाकट्या पुतण्यानें ती जराशी निराळ्या वाटेला नेली. कॉलेजांत जाऊं लागल्यापासून तो अंगठ्याच्या पेराएवढ्या उंचीच्या विलायती मूर्ति आणवितो आणि माडीवरच्या खिडकीपाशीं बसून त्या रंगवितो. गेल्या दिवाळीनंतर त्यानें अशीच एक मूर्ति माझ्या वडिलांपुढें आणून ठेवली. आम्ही सर्वजण त्यांना अण्णा म्हणतों. त्यांचें सारें आयुष्य सरकारी दप्तरखान्यांत जुने कागद हाताळण्यांत गेलें आहे.

मूर्ति होती मध्ययुगीन युरोपांतील एका लेखकाची. अंगांत झगा, हातांत उलगडलेलें चर्मपत्र आणि त्याला लोंबणारी तांबडी मोहोर. अण्णांनीं भिंगाखालीं ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “काम फार बारीक आहे रे. पण हा कागद जुना नाहीं, मळलेला आहे.” एवढें बोलून त्यांनीं ती बाजूला ठेवली व ते उठून गेले. मुलगा हिरमुसला. नातवंडांच्या कोणत्याही उद्योगाला ‘वा!’ म्हणणारे अण्णा त्या दिवशीं इतके तुटक कां वागले, हें आम्हांला पुढें कळलें. तें मी शेवटीं सांगेन. आधीं त्यांच्या त्या एका वाक्यामुळें आमच्या घरांत जो अभ्यास सुरू झाला, त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

मूर्ति रंगविण्याचा छंद

खेळण्यांतल्या शिपायांचा इतिहास बराच जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं कथलाचे चपटे शिपाई मोठ्या प्रमाणावर ओतले जात. १८९३ सालीं इंग्लंडांत विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली. त्यामुळें ते हलके व स्वस्त झाले. अशा शिपायांनीं खेळावयाच्या लढायांचे नियम एच्. जी. वेल्स या ग्रंथकारानें १९१३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. १९८३ सालीं ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला आणि १९८७ सालीं त्याचें भविष्यकाळांत घडणारें रूप आलें. या दुसऱ्या खेळांतील योद्ध्यांच्या चिलखतावर लाखेच्या मोहोरा आणि त्यांखालीं लोंबणाऱ्या चर्मपत्राच्या पट्ट्या असतात. त्यामुळें जुन्या चर्मपत्राचा भास कसा आणावा, हा प्रश्न जगभरच्या हजारों हौशी मंडळींना आज पडत असतो.

मूर्तींना इंग्रजींत ‘मिनिएचर’ म्हणतात. हा शब्द लहानपणावरून आला असावा असें कोणालाही वाटेल. पण तसें नाहीं. लॅटिन भाषेंत शेंदुराला ‘मिनियम’ म्हणत. हस्तलिखितांतील आद्याक्षरें व चित्रें त्या रंगानें काढीत, म्हणून अशा चित्राला तें नांव पडलें. आणि पोथींतलीं चित्रें लहान असत म्हणून पुढें तोच शब्द ‘लहान’ या अर्थीं रूढ झाला. म्हणजे ज्या शेंदुरानें आपण मारुतीला माखतों, त्याच शेंदुराच्या नांवांतून या छंदाचें नांव निघालें आहे!

कातड्याचें पान

रंग हातीं घेण्यापूर्वीं ती वस्तु काय आहे हें समजून घ्यावयास हवें. पुतण्याची पहिली चूक येथेंच झाली होती. त्यानें चर्मपत्राला कागद समजून रंगविलें होतें.

चर्मपत्र हें मेंढी, बोकड किंवा वासरूं यांचें कातडें असतें. पण तें कमावलेलें नसतें. कातडें चुन्याच्या पाण्यांत कित्येक दिवस भिजत ठेवीत, म्हणजे केंस सुटत. मग तें धुऊन लांकडी चौकटीला दोऱ्यांनीं चहूंकडून ताणून बांधीत आणि अर्धचंद्राकृति सुरीनें दोन्ही बाजूंनीं खरवडीत. तें ताणलेल्या स्थितींतच वाळे. कमावलेलें कातडें लवचीक होतें. हें मात्र ताठ, पातळ आणि फिकट राहतें. शेवटीं प्युमिस दगडानें घांसून व खडूची पूड चोळून तें लिहिण्याजोगें करीत.

अशा पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात. केंसांकडची बाजू अधिक पिवळसर व गुळगुळीत असते, आणि निरखून पाहिल्यास तीवर केंसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात. मांसाकडची बाजू अधिक पांढरी व मऊ असते. पुस्तक बांधतांना पिवळ्या बाजूसमोर पिवळी व पांढरीसमोर पांढरी येईल अशी काळजी घेत, म्हणजे उघडलेलीं दोन पानें एकाच रंगाचीं दिसत.

हें सारें ऐकून आमच्या आईला नवल वाटलें. “देवाधर्माचें पुस्तक कातड्यावर?” असें तिनें विचारलें. अण्णांनीं हंसून उत्तर दिलें, “ज्या देशांत जें मिळतें त्यावर माणूस लिहितो. आपल्याकडे ताडपत्र होतें, भूर्जपत्र होतें, मग कागद आला. त्यांच्याकडे मेंढरें होतीं. आणि देवळांतल्या मृदंगाला तरी काय असतें?” यावर आई कांहीं बोलली नाहीं, पण पुढें मूर्तीची चौकशी तीच अधिक करूं लागली.

या कातड्याचा टिकाऊपणा विलक्षण आहे. इंग्लंडच्या राजानें १०८६ सालीं केलेल्या जमिनींच्या पाहणीचें दप्तर मेंढीच्या कातड्यावर लिहिलेलें असून तें आजही वाचतां येतें. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या मूळ चार प्रती अद्याप शिल्लक आहेत. त्यांवर राजाची सही नव्हती, तर मोहोर होती. म्हणून मूर्तीच्या हातांत सनद द्यावयाची असल्यास खालीं सहीचा फराटा न काढतां मोहोर लोंबती ठेवणें योग्य.

जुनेपण कोठें दिसतें

नाटकांतील पडद्यांवर व चित्रपटांत जुना कागद दाखवावयाचा म्हणजे तो चहांत बुडवून तपकिरी करतात आणि कडा मेणबत्तीवर जाळतात. पुतण्यानेंही तेंच केलें होतें. सबंध पत्र एकसारखें तपकिरी आणि कडा काळ्या. पण चर्मपत्र असें म्हातारें होत नाहीं.

लांकडाच्या लगद्याचा कागद प्रकाशानें व हवेनें पिवळा पडून ठिसूळ होतो, कारण लांकडांतील एक द्रव्य त्यांत उरलेलें असतें. चर्मपत्रांत तें नसतें. त्यामुळें आठशें वर्षांपूर्वींचें पान मधल्या भागांत पुष्कळदां सायीच्या रंगाचें, जवळजवळ ताजें दिसतें. तें जुनें झालेलें दिसतें तें निराळ्या ठिकाणीं. जेथें बोटांनीं पान धरीत त्या खालच्या कोपऱ्यावर, जेथें धूळ बसे त्या बाहेरच्या कडांवर, घडी पडे त्या रेषेवर, आणि ओल लागली असेल तेथें. ओलीनें पान सुरकुततें व फुगतें. म्हणूनच जुन्या ग्रंथांच्या पुठ्ठ्यांना पानें दाबून ठेवणाऱ्या पितळी कड्या लावीत.

आगीचेंही तसेंच. आंच लागतांच चर्मपत्र आक्रसतें व कडक होतें. १७३१ सालीं लंडनमधील अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागून तेथील कॉटन ग्रंथसंग्रहाची फार हानि झाली. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्याची एकुलती एक पोथी त्यांत होरपळली. तिच्या करपलेल्या कडा पुढें हात लागेल तशा झडत गेल्या, आणि कांठावरचीं अक्षरें नाहींशीं झालीं. शेवटीं १८४५ सालीं प्रत्येक पान कागदाच्या चौकटींत बसवावें लागलें.

आमच्या घरच्या पोथ्या कागदाच्या आहेत, कातड्याच्या नव्हत. तरी मळ कोठें बसतो हें शिकावयास त्या पुरेशा होत्या. अण्णांनीं देव्हाऱ्याशेजारच्या फडताळांतून एक पोथी काढली आणि नातवाला विचारलें, “सांग, पान कोठें धरीत असत?” त्यानें उजव्या कांठावरच्या काळसर डागावर बोट ठेवलें. तें बोट नेमकें त्या डागांत बसलें. पणजोबांचा अंगठाही तेथेंच टेकत असला पाहिजे. त्या दिवसापासून तो ‘कुठें मळवूं?’ असें न विचारतां ‘याला कोणी, कसें धरलें असेल?’ असें विचारूं लागला.

रंग देण्याची कृति

आतां प्रत्यक्ष कृति. ही वाचून घरांतील कोणाही हौशी मुलाला वा मुलीला ती करून पाहतां येईल.

प्रथम मूर्ति साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावी व तिला करड्या किंवा पांढऱ्या अस्तराचा पातळ हात द्यावा. फवाऱ्याचें अस्तर पावसाळ्यांत वापरूं नये. दमट हवेंत तें खरखरीत बसतें. कोंकणांत व मुंबईंत राहणाऱ्यांनीं जून ते सप्टेंबर कुंचल्यानेंच काम करावें हें बरें.

रंग पाण्यांत मिसळणारे अ‍ॅक्रिलिक घ्यावेत. ते लवकर वाळतात, म्हणून एका उथळ डबींत ओला स्पंज ठेवून त्यावर बटरपेपर पसरावा व त्यावर रंग काढावा. म्हणजे तो तासन् तास ओला राहतो. रंग दुधाइतका पातळ करावा. जाड रंगाचा एक हात देण्यापेक्षां पातळ रंगाचे दोन हात केव्हांही चांगले. जाड रंगानें मूर्तीवरील बारीक कोरीवकाम बुजून जातें.

मूळ रंग म्हणून हाडाच्या रंगांत थोडा खाकी किंवा फिकट तपकिरी मिसळावा. शुद्ध पांढऱ्यानें सुरुवात कधींही करूं नये. पांढऱ्याच्या पुढें उजळ करावयास कांहीं उरत नाहीं, आणि एवढ्याशा मूर्तीवर तो चुन्यासारखा डोळ्यांत भरतो.

हा रंग वाळल्यावर पाणचट तपकिरी रंग वळ्यांत व घड्यांत सोडावा. तो आपोआप खोलगट भागांत उतरतो. सपाट भागावर त्याचें तळें सांचूं देऊं नये. सांचल्यास स्वच्छ, किंचित ओल्या कुंचल्यानें तें टिपून घ्यावें. नंतर अर्धा तास मूर्तीला हात लावूं नये. उतावळेपणानें आमच्याकडे तीन पत्रें खराब झालीं, तीं याच पायरीवर.

मग घड्या तशाच ठेवून उंच भागांवर पुन्हां मूळ रंग द्यावा. त्यांत थोडथोडा हस्तिदंती रंग मिसळत तीन-चार पायऱ्यांनीं उजळत जावें. प्रत्येक वेळीं रंगाचा भाग आधींच्याहून लहान असावा. अगदीं शेवटचा, जवळजवळ पांढरा रंग फक्त प्रकाशाकडे वळलेल्या कडेवर रेषेसारखा ओढावा. प्रकाश एकाच दिशेनें, शक्यतों वरून, येत आहे असें धरून चालावें. चर्मपत्र कातड्याप्रमाणें ताठपणें वळतें, कापडासारखें मऊ चुरगळत नाहीं. म्हणून उजेड व सावली यांची सीमा वळणाच्या टोकाशीं थोडी स्पष्ट ठेवावी.

यानंतर वयाचीं चिन्हें. अतिशय पातळ तपकिरी रंग कुंचल्यांत घेऊन तो फडक्यावर बहुतेक टिपून टाकावा, आणि हात जेथें लागला असेल त्या कडेकडे हलकेच ओढावा. असे पांच-सहा थर द्यावेत, म्हणजे मळ हळूहळू चढल्यासारखा दिसतो. केंसांकडची बाजू दाखवावयाची असल्यास फिकट ठिपक्यांची एखादी ओळ टिंबांनीं सुचवावी. पाण्याचा डाग काढावयाचा असेल तर त्याची कड गडद व मध्य फिकट ठेवावा, कारण वाळतांना पाणी मळ कडेला नेऊन सोडतें. डाग एक, फार तर दोन. त्याहून अधिक झाले कीं पाहणाराचें लक्ष मूर्तीच्या चेहऱ्याकडे जात नाहीं.

न वाचतां येणारीं अक्षरें

आतां लेखन. येथें थोडें गणित करावें लागतें. मूर्तीची उंची अठ्ठावीस मिलिमीटर धरली, तर ती खऱ्या माणसाच्या सुमारें साठाव्या हिश्श्याची होते. खऱ्या पत्रावरील तीन मिलिमीटर उंचीचें अक्षर मूर्तीवर एक मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याचें, म्हणजे डोक्यावरच्या केंसाच्या जाडीइतकें उंच होईल. असें अक्षर लिहिणें अशक्य, व लिहिलें तरी वाचणें अशक्य. तेव्हां अक्षरें काढावयाचीं नाहींत, अक्षरांचा भास काढावयाचा.

हा भास कशानें होतो? दूर टांगलेलें एखादें पान पाहावें. अक्षरें वाचतां येत नाहींत, तरी हें लिहिलेलें आहे हें कळतें. कारण चहूंकडे समास सुटलेला असतो. ओळी समांतर असतात. शब्द लहानमोठे असून त्यांमध्यें फटी असतात. आणि परिच्छेदाची शेवटची ओळ मध्येंच संपते. एवढ्या चार गोष्टी साधल्या कीं बाकी सर्व बारीक थरथरत्या रेघा चालतात. प्रारंभीं एक तांबडें आद्याक्षर द्यावें. आपल्या पोथ्यांतही महत्त्वाचीं अक्षरें हिंगुळानें तांबडीं करीत. तिकडेही तीच रीत होती.

शाई काळी करूं नये. युरोपांतील लेखक ओक झाडावरच्या गांठी, हिराकस व गोंद यांपासून शाई करीत. ती लिहितांना फिकट असे, हवेनें काळी पडे आणि शतकांनंतर तपकिरी होई. म्हणून गडद तपकिरींत काळ्याचा थेंबच मिसळावा. सर्व लिहून झाल्यावर मूळ हाडाच्या रंगाचा अगदीं पाणचट थर एक-दोन ठिकाणीं अक्षरांवरून फिरवावा. तेथील अक्षरें पुसट होतात आणि सारें लेखन पत्रांत मुरल्यासारखें वाटतें.

शेवटीं पत्रावर चकाकी नसलेलें व्हार्निश द्यावें आणि मोहोरेवर मात्र चकाकणारें, म्हणजे लाख लाखेसारखी दिसते. आणखी एक सूचना. कुंचल्याला टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरण्याची संवय पुष्कळांना असते, ती मुलांना लागूं देऊं नये. जुन्या मूर्ति शिशाच्या असतात व कांहीं रंगही विषारी असतात. टोंक अंगठ्याच्या नखावर फिरवूनही आणतां येतें.

खरें व खोटें

अशा रीतीनें पुतण्यानें दुसरा लेखक रंगविला. त्याला दीड महिना लागला. अण्णांनीं भिंग लावून पाहिलें आणि या वेळीं ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं सांगितलेली हकीकत आम्हां भावंडांनींही पूर्वीं कधीं ऐकली नव्हती.

१९५८ सालची गोष्ट. आमच्या आजोबांची ओढ्याकांठची जमीन होती. तिच्यावर दुसऱ्या एका गृहस्थानें हक्क सांगितला व पुराव्यादाखल मोडींतलें एक जुनें खरेदीखत पुढें आणलें. कागद तपकिरी, कडा झिजलेल्या, अक्षर वळणदार. पाहणाराला शंका येऊं नये असा. आजोबांची जमीन गेली. अण्णा तेव्हां सोळा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर कोर्टांत बसले होते.

पुढें ते दप्तरखान्यांत लागले. हजारों जुने कागद हातांखालून गेले आणि एके दिवशीं काम करतां करतां त्यांना तो कागद एकाएकीं आठवला. तो आंतून बाहेरून एकसारखा तपकिरी होता. खरा जुना कागद घडी घालून ठेवलेला असतो. त्याची बाहेरची घडी मळते, आंतली कोरी राहते. आणि दुसरें असें कीं, घडीवर जेथें कागद मोडला होता तेथें शाई त्या भेगेंत उतरून पसरली होती. म्हणजे कागद आधीं मोडला आणि मग त्यावर लिहिलें. परंतु हें कळलें तोंवर अपिलाची मुदत जाऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं, आणि आजोबाही राहिले नव्हते.

“म्हणून तुझें तें पहिलें पत्र पाहून मला राग आला,” अण्णा नातवाला म्हणाले. “तुझा नाहीं. तो एकसारखा तपकिरी रंग पाहिला आणि तें खत डोळ्यांपुढें आलें. वाटलें, हा मुलगा तीच विद्या शिकतो आहे.”

पुतण्यानें विचारलें, “आणि आतां, आजोबा?”

“आतां तुला माहीत आहे कीं कागद कोठें मळतो आणि कोठें मळत नाहीं. त्या वेळीं आमच्या बाजूच्या एकालाही तें माहीत नव्हतें.” मग थोडें थांबून ते म्हणाले, “एक मात्र कर. मूर्तीच्या बैठकीखालीं आपलें नांव आणि साल घाल. म्हणजे हें कोणाला फसविण्यासाठीं केलेलें नाहीं, हें उलटून पाहणाऱ्याला कळेल.”

पुतण्यानें त्याच तपकिरी शाईच्या रंगानें बैठकीखालीं नांव व साल घातलें. मूर्ति हल्लीं अण्णांच्या फडताळांत, पोथ्यांच्या वरच्या खणांत असते. घरीं पाहुणे आले कीं अण्णा ती स्वतः काढून दाखवितात, आणि प्रत्येकाच्या हातांत देण्यापूर्वीं ती उलटी करून तें नांव व साल आधीं वाचावयास लावतात.